कानबाईचा सोमवार आणि टाचण वही

श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी खान्देशात कानबाई ही देवी बसते. रोटांचं, म्हणजे कानबाईच्या प्रसादाचं, दळण आधीच झालेलं असतं. पोटापाण्यासाठी सुरत, नाशिक, पुण्याला गेलेली भाऊबंदकी शनिवारी रात्रीच गावात उतरते, कारण रोट भाऊबंदांनी मिळून खायचे असतात. रविवारची रात्र गाण्यांत जाते आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत कानबाई नदीवर निघते. शाळेच्या सुट्ट्यांच्या यादीत मात्र तो रविवार इतर रविवारांसारखाच असतो आणि सोमवार कामाचा दिवस असतो. त्या सोमवारी चाळीस पटाच्या वर्गात नऊ-दहा मुलं येतात. घंटा होते, परिपाठ होतो, हजेरी होते, आणि मग शिक्षकापुढे प्रश्न उभा राहतो: नियोजनात लिहिलेला आजचा पाठ घ्यायचा की नाही?

घेतला, तर उरलेल्या तीस मुलांसाठी तो उद्या पुन्हा शिकवावा लागतो. नाही घेतला, तर टाचण वहीत (रोजच्या पाठांच्या नोंदवहीत) आजची तारीख कोरी राहते, आणि भेटीला आलेल्या अधिकाऱ्याचं लक्ष आधी त्या कोऱ्या जागेवर जातं. म्हणून पुष्कळदा पाठ वहीत लिहिला जातो आणि वर्गात गाणी-गोष्टी होतात. पुढच्या जूनमध्ये तेच नियोजन तारखा बदलून पुन्हा उतरवलं जातं.

या एका सोमवारात शाळेच्या कॅलेंडरचे दोन जुने गुंते एकत्र आले आहेत. सण गावाचा असतो, यादी जिल्ह्याची असते, हा एक. आणि शिक्षकानं शांतपणे बसून तयारी कधी करायची, याला वेळापत्रकात कुठेच जागा नसते, हा दुसरा. दोन्ही प्रश्नांवर वेगवेगळी चर्चा पुष्कळ होते. मला वाटतं, ते एकत्र मांडले तर एकाचं उत्तर दुसऱ्यात सापडतं.

आधी तासांचा हिशेब करू. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलं आहे. सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास. हे आकडे शिक्षकांना पाठ असतात. त्याच परिशिष्टात शिक्षकासाठी आठवड्याला किमान ४५ तास सांगितले आहेत, आणि त्यात तयारीचे तास धरलेले आहेत. या ‘धरलेले आहेत’कडे फारसं कुणी पाहत नाही. शाळा साडेदहा ते पाच धरली तर सोमवार ते शुक्रवार साडेबत्तीस तास होतात. शनिवारची सकाळची शाळा चार तासांची धरली तर साडेछत्तीस. ४५ मधून वजा जाता साडेआठ तास उरतात. म्हणजे आठवड्याला साडेआठ तास तयारी हे शिक्षकाचं कायद्यानं मानलेलं काम आहे. वेळापत्रकाच्या तक्त्यात मात्र त्याचा एकही रकाना नाही. ते तास रात्री घरी, एसटीत, नाहीतर मधल्या सुट्टीत पोषण आहाराच्या नोंदी लिहिता लिहिता निघतील असं गृहीत धरलेलं असतं.

हे साडेआठ तास पुरतात का, तेही पाहू. कायद्याप्रमाणे ६० पटापर्यंत दोन शिक्षक. सातपुड्याच्या पट्ट्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, आणि सपाटीवरच्या कितीतरी लहान गावांतही पहिली ते चौथीची शाळा दोन शिक्षकांवर चालते. एकाकडे पहिली-दुसरी, दुसऱ्याकडे तिसरी-चौथी. तिसरी-चौथीच्या शिक्षकाला भाषा, गणित, इंग्रजी आणि परिसर अभ्यास हे चार विषय दोन वर्गांना, म्हणजे दिवसाला आठ पाठ तयार करावे लागतात. एका पाठाला पंधरा मिनिटं, ही फार काटकसरीची मोजणी झाली, तरी दिवसाला दोन तास. शनिवार अर्धा धरला तरी आठवड्याला अकरा तास. वह्या तपासणं, आकारिक (वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनाच्या नोंदी, शैक्षणिक साहित्य, हे सगळं त्याच्या बाहेरच राहिलं.

अनुभवी शिक्षक इथे एक युक्ती करतात आणि ती खरोखर उपयोगाची आहे. दोन इयत्तांचे पाठ वेगळे न धरता एकाच विषयसूत्राच्या दोन पायऱ्या म्हणून मांडायचे. परिसर अभ्यासात ‘पाणी’ दोन्ही वर्गांना एकदम घ्यायचं. तिसरीनं गावातले पाणवठे मोजून यायचं आणि चौथीनं त्यांतलं कोणतं पाणी कशासाठी वापरतात याचा तक्ता करायचा. गणितात क्रिया एकच, संख्या लहान-मोठ्या. भाषेत उतारा एकच, प्रश्न दोन पातळ्यांचे. आठ तयाऱ्यांच्या पाच होतात. पण अशी जुळवणी रोज रात्री सुचत नाही. त्यासाठी दोन्ही इयत्तांची पुस्तकं समोर उघडून महिन्यातून एकदा तरी सलग दोन-तीन तास बसावं लागतं. पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत ते काम होत नाही. म्हणूनच तयारीचा वेळ एकूण किती मिळतो याइतकंच तो सलग मिळतो की नाही याला महत्त्व आहे.



आता दिवसांचा हिशेब. वर्षाचे ३६५ दिवस, त्यातून ५२ रविवार गेले, उरले ३१३. शाळांच्या सगळ्या सुट्ट्या मिळून ७६ पेक्षा जास्त होता कामा नयेत असा नियम आहे. त्या वजा केल्या की २३७ दिवस उरतात. माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे कामाचे दिवस किमान २३० हवेत. म्हणजे माध्यमिक शाळेच्या हाती वर्षभरात फक्त ७ दिवसांची सवड आहे. अतिवृष्टीची एखादी सुट्टी, मतदान केंद्रासाठी ताब्यात गेलेली खोली, यातच ते सात दिवस संपतात. पण पहिली ते पाचवीला कायद्याची अट २०० दिवसांची आहे. तिथे २३७ आणि २०० यांत ३७ दिवसांचं अंतर आहे, आणि सहावी ते आठवीला १७ चं. ही सवड सुट्टी वाढवण्यासाठी वापरावी असं मी अजिबात म्हणत नाही. प्राथमिक शाळेत वर्षातले पाच-सहा दिवस शिक्षकांच्या नियोजनाला दिले तर कायदा मोडत नाही, एवढंच या वजाबाकीतून दिसतं.

७६ सुट्ट्या जातात कुठे? २ मे ते १४ जून ही उन्हाळी सुट्टी धरली तर रविवार सोडून ३८ दिवस होतात. दिवाळीला साधारण १२. झाले ५०. उरलेल्या २६ मध्ये सगळे सण, जयंत्या, जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर करायच्या तीन स्थानिक सुट्ट्या आणि मुख्याध्यापकांच्या अधिकारातली एखाद-दुसरी सुट्टी बसवायची. २६ आकडा मोठा वाटतो. पण पोळा, गणपती, ईद, घटस्थापना, दसरा, गुरुनानक जयंती, नाताळ, संक्रांत, शिवजयंती, महाशिवरात्र, धुळवड, पाडवा, रामनवमी, महावीर जयंती, गुड फ्रायडे, आंबेडकर जयंती असं लिहीत गेलं की यादी भरते, आणि कानबाई, भोंगऱ्या (होळीआधीचे आदिवासी बाजार), गावची जत्रा, उरूस, हरिनाम सप्ताहाचा काला हे सगळे बाहेर राहतात. राहणारच. प्रत्येक गावाचा सण जिल्ह्याच्या यादीत बसवता येत नाही.

सुट्ट्यांच्या परिपत्रकात एक सवलत असते, तिचा वापर व्हायला हवा तेवढा होत नाही. उन्हाळ्याची किंवा दिवाळीची दीर्घ सुट्टी कमी करून तेवढेच दिवस गणेशोत्सव किंवा नाताळासारख्या सणाला शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीनं घेता येतात. कोकणातल्या शाळांना गणपतीसाठी हे सोयीचं आहे. नवापूर तालुक्यात ख्रिस्ती आदिवासी कुटुंबं बरीच आहेत. तिथल्या शाळेला नाताळाचा एक दिवस पुरत नाही, मुलं तीन-चार दिवस येतच नाहीत. अशा शाळेनं दिवाळीतले दोन दिवस डिसेंबरात नेण्याचा प्रस्ताव जूनमध्येच पाठवावा. डिसेंबरात पाठवला तर परवानगी येईपर्यंत नाताळ उलटून गेलेला असतो.

नियोजन कोलमडतं ते मात्र बहुतेक वेळा सुट्ट्यांच्या संख्येमुळे नाही. ते कोलमडतं तारखा सरकल्यामुळे. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. दोन वर्षं अकरा-अकरा दिवसांनी अलीकडे आलं. २०२६ मध्ये जेठात अधिक मास आहे, त्यामुळे लक्ष्मीपूजन एकदम अठरा दिवसांनी पुढे, ८ नोव्हेंबरला. पहिलं सत्र संपतं दिवाळीला. म्हणजे २०२५ चं नियोजन २०२६ मध्ये जसंच्या तसं उतरवलं तर पहिल्या सत्रात पंधरा-सोळा कामाचे दिवस मोकळे पडतात आणि दुसऱ्या सत्रात तितकेच कमी पडतात. पहिल्या सत्रात घाई नसते म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेवटचे तीन घटक आठवड्यात गुंडाळावे लागले की मग कळतं. अधिक मासाच्या वर्षी पहिल्या सत्रात एक-दोन घटक जास्त घ्यायचे आणि दिवाळी लवकर असलेल्या वर्षी तेवढे कमी, ही दुरुस्ती जूनमध्ये दहा मिनिटांत होते, आणि ती वर्षभर उपयोगी पडते.

दुसरी अडचण तयार नियोजनांची. वार्षिक नियोजनाच्या पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. ज्यांनी त्या केल्या ते मेहनती लोक आहेत, पण त्यांचं गाव कोल्हापूर किंवा पुण्याकडचं असतं. त्यात गौरी-गणपतीच्या आठवड्यात हलका भार असतो आणि कानबाईच्या आठवड्यात नवा घटक असतो. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, तर मागमूस नसतो. घटकांचा क्रम त्यातून जरूर घ्यावा. तारखा मात्र स्वतःच्या हजेरीपत्रकातून काढाव्यात.

ते कसं करायचं, हे थोडं सविस्तर सांगते, कारण सगळ्याचा पाया तिथे आहे. मागच्या तीन वर्षांची हजेरीपत्रकं घ्यायची. प्रत्येक दिवसाच्या रकान्याखाली एकूण उपस्थिती लिहिलेली असते. जिथे ती पटाच्या निम्म्याहून खाली गेली आहे त्या तारखेला पेन्सिलीनं गोल करायचा. वर्षाला पंधरा-वीस गोल सहज निघतात. मग प्रत्येक गोलाशेजारी कारण लिहायचं, पण तारखेनं नाही, तिथीनं. ‘४ ऑगस्ट’ लिहून पुढच्या वर्षी काही कळत नाही. ‘नागपंचमीनंतरचा सोमवार, कानबाई विसर्जन’ असं लिहिलं की पुढच्या कॅलेंडरात तो दिवस लगेच सापडतो. कानबाईचा रविवार २०२४ मध्ये ११ ऑगस्टला होता, २०२५ मध्ये ३ ऑगस्टला, २०२६ मध्ये २३ ऑगस्टला येतो.

कारणं लिहिताना लक्षात येतं की सरकण्याच्या तऱ्हा तीन आहेत. हिंदू सण तिथीनं सरकतात पण अधिक मासामुळे त्याच ऋतूत राहतात. हिजरी महिने दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे येतात आणि ऋतू ओलांडून जातात. आणि काही दिवस इंग्रजी तारखेला पक्के असतात: ९ ऑगस्टचा आदिवासी दिन, २५ डिसेंबर, १४ एप्रिल, ६ डिसेंबर. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात ६ डिसेंबरच्या आसपास कितीतरी कुटुंबं चैत्यभूमीला मुंबईला गेलेली असतात. त्या दिवशी शाळेला सुट्टी नसते. चाचणी मात्र त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ठेवू नये, एवढं तर मुख्याध्यापकाच्या हातात आहे. जे मूल आईबापांबरोबर चैत्यभूमीला गेलं त्याचे गुण त्या कारणानं कमी होता कामा नयेत.

इथे एक अट आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. हजेरी खरी हवी. सणाच्या दिवशी दहा मुलं असताना अठ्ठावीस मांडली तर त्या वर्षी कुणाचं बिघडत नाही असं वाटतं. पण पुढच्या वर्षीच्या नियोजनाचा एकमेव पुरावा त्याच दिवशी पुसला जातो. शिवाय पोषण आहाराचा हिशेब त्यालाच बांधलेला. पहिली ते पाचवीला मुलामागे १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम तांदूळ. चाळीस पटाला ४ किलो लागतात, दहा मुलांना १ किलो. सणाच्या दुसऱ्या दिवशी हजेरी घेण्याआधीच तांदूळ मोजून काढला तर अन्न वाया जातं नाहीतर आकडा फुगवावा लागतो. त्या दिवशी आधी मुलं मोजायची, मग तांदूळ. एवढा क्रम पाळला तरी बरंच सावरतं.

अमेरिकेतल्या सरकारी शाळांमध्ये हा प्रश्न कायद्याच्या अंगानं येतो. तिथे सरकारी शाळा एखाद्या धर्माचा सण म्हणून बंद ठेवता येत नाही. त्या दिवशी मुलं आणि शिक्षक इतके गैरहजर राहतात की शाळा चालवणं कठीण होतं, असं दाखवावं लागतं. म्हणून तिथल्या बऱ्याच शिक्षण मंडळांत गैरहजेरीची आकडेवारी काढली जाते. त्यांच्या कॅलेंडरात मुलांना सुट्टी आणि शिक्षकांना काम असे नियोजनाचे दिवसही असतात, आणि काही ठिकाणी ते दिवस मुद्दाम अशा सणांवर ठेवतात. न्यूयॉर्क शहराच्या शाळांनी ईदची सुट्टी २०१५ मध्ये सुरू केली आणि दिवाळीची पहिली सुट्टी १ नोव्हेंबर २०२४ ला दिली. आपली राज्यघटना, आपला सणांचा भार, आपला शिक्षकांचा तुटवडा सगळं वेगळं आहे. पण मुलं कधी येत नाहीत हे मोजून मग कॅलेंडर लावायचं, आणि तो दिवस शिक्षकांच्या तयारीला द्यायचा, ही जोडी घेण्यासारखी आहे.

नंदुरबार जिल्ह्यात ती सर्वांत जास्त लागेल. सातपुड्यात होळी हा एका दिवसाचा सण नाही. होळीआधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार भरतात. धडगाव, शिरपूर, चोपड्याच्या डोंगरपट्ट्यात ज्या दिवशी ज्या गावचा बाजार, त्या दिवशी आजूबाजूच्या शाळा ओस. काठी गावची राजवाडी होळी पहाटे पेटते, तिथे कुठून कुठून लोक येतात. आणि सगळ्या गावांची होळी एकाच रात्री पेटत नाही. एकाची आज, शेजारच्याची उद्या-परवा. नवस केलेले लोक बावा-बुध्याचं सोंग घेऊन एका होळीहून दुसऱ्या होळीला जातात. ऊसतोडीला गुजरातेत गेलेली कुटुंबंसुद्धा होळीला घरी परततात, म्हणजे दिवाळीनंतर न दिसलेली मुलं नेमकी त्याच दिवसांत गावात असतात. यादीत धुळवडीची एक सुट्टी असते. प्रत्यक्षात आठ-दहा दिवस हजेरी वर-खाली होत राहते.

या आठ-दहा दिवसांत नवा घटक सुरू करणं म्हणजे तो दोनदा शिकवायची तयारी ठेवणं. त्यापेक्षा होळीच्या आदल्या आठवड्यात घटक पुरा करावा, होळीचे दिवस उजळणी, वाचन आणि तोंडी कामाचे ठेवावेत आणि नवा घटक त्यानंतरच्या सोमवारी उघडावा. आश्रमशाळेत तर हे अधिकच खरं, कारण मुलं होळीला घरी जातात आणि एकेक करत परततात. आणखी एक गोष्ट इथेच जमते. ऊसतोडीहून परतलेली मुलं पाच-सहा दिवस गावात आहेत, तेवढ्यात त्यांना शाळेत बोलावून वाचन आणि संख्याज्ञान कुठपर्यंत आहे ते पाहून घ्यावं. नंतर ती कधी भेटतील याचा भरवसा नसतो.

उर्दू माध्यमाच्या शाळांचं वेळापत्रक रमजानप्रमाणे बदलतं, वेळ सकाळची आणि कमी तासांची होते. रमजान २०२४ मध्ये मार्च-एप्रिलात होता, २०२५ मध्ये मार्चमध्ये. २०२६ मध्ये तो फेब्रुवारीत सुरू होतो. म्हणजे तो वार्षिक परीक्षेच्या तोंडावरून हळूहळू दुसऱ्या सत्राच्या मध्याकडे येतो आहे. २०३० मध्ये जानेवारीत एक आणि डिसेंबरात दुसरा, असे एकाच इंग्रजी वर्षात दोन रमजान येतील. दिवसाला दीड-दोन तास कमी झाले तर महिन्याभरात चाळीसेक तास जातात, आणि ८०० तासांच्या हिशेबात ते भरून काढायचे कुठे हे आधीच ठरवावं लागतं. जळगाव, भुसावळ, रावेर, धुळ्याच्या मराठी शाळांत शिकणाऱ्या मुस्लिम मुलांचा विचार याहून कमी होतो. ईद चंद्रदर्शनावर ठरते. यादीतली तारीख आणि प्रत्यक्षातली ईद यांत एका दिवसाचा फरक पडू शकतो. म्हणून यादीतल्या ईदच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशीही चाचणी ठेवू नये. ऐनवेळचे बदल वेगळेच. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद २८ सप्टेंबरला एकाच दिवशी आल्या, आणि दोन्ही मिरवणुकांना वाव मिळावा म्हणून २९ ला सुट्टी जाहीर झाली. निर्णय योग्यच होता. पण ज्या शाळेनं २९ ला चाचणीचा पेपर ठेवला होता तिची घडी विस्कटली. चाचणीच्या आठवड्यात एक दिवस मोकळा ठेवण्याची सवय असेल तर असा धक्का बसत नाही.

आता पुन्हा कानबाईच्या सोमवारी येऊ. काही शाळा मुख्याध्यापकांच्या अधिकारातली सुट्टी त्या दिवशी देतात. गाव पूर्ण एका भावकीचं असेल तर ते ठीक आहे. पण बहुतेक गावांत काही घरांत कानबाई नसते, आणि ती नऊ-दहा मुलं शाळेत येतात. त्यांनाही शाळेचा आणि जेवणाचा तितकाच हक्क आहे. माझं मत शाळा उघडी ठेवावी या बाजूचं आहे.

दोन शिक्षकी शाळेत तो दिवस असा चालवता येतो. मधल्या सुट्टीपर्यंत एका शिक्षकानं चारही वर्गांची आलेली मुलं एकत्र घ्यायची. मोठ्यांनी लहानांना वाचून दाखवायचं, गोष्टीची पुस्तकं बाहेर काढायची, अंगणात मोजमाप घ्यायचं. दुसऱ्या शिक्षकानं तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत बसायचं. मधल्या सुट्टीनंतर अदलाबदल. प्रत्येकाला सलग अडीच तास मिळतात. त्यातला पहिला पाऊण तास सर्व मुलांच्या मागच्या घटकाच्या वह्यांना द्यावा. तपासून सही करायला नाही, तीन ढीग करायला: समजलं आहे, एका पायरीवर चुकतं आहे, काहीच केलेलं नाही. मधल्या ढिगात ती पायरी कोणती हे नावापुढे लिहावं. हातच्याची वजाबाकी येत नाही की शून्य आलं की अडतं, एवढं बारीक. मग तासभर पुढच्या पंधरवड्याचे पाठ दोन इयत्तांना जोडून बसवावेत. उरलेल्या वेळात शब्दपट्ट्या, संख्यापट्ट्या, जे हातानं करायचं ते. टाचण वहीत त्या तारखेला सरळ लिहावं: ‘कानबाई विसर्जन, उपस्थिती ४० पैकी ९, उजळणी व नियोजन.’ केंद्रप्रमुखांनी (आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी) जूनमध्येच हे मान्य केलं असेल तर ती नोंद लपवायचं कारण उरत नाही.

हे बिघडतं दोन कारणांनी. पहिलं, त्याच दिवशी मोबाईलवर निरोप येतो, अमुक माहिती आजच भरा. सणाच्या दिवशी शिक्षक मोकळे असतील असं वरच्यांनाही वाटतं. मुख्याध्यापकांनी माहितीचं काम चार वाजेनंतर ठेवलं तर अडीच तास वाचतात. दुसरं कारण अधिक आपुलकीचं आहे. खान्देशातल्या शिक्षकाच्या घरीही कानबाई असते. तो किरकोळ रजा टाकतो आणि शाळेत एकच शिक्षक उरतो. त्याला घरी थांबावंसं वाटणं अगदी रास्त आहे. म्हणून कुणाचा कोणता सण, कोण कधी रजेवर आणि त्याच्या बदल्यात कोण कधी शाळा सांभाळणार, हे शाळेनं जूनमध्येच ठरवावं. ज्यांच्याकडे कानबाई नाही त्यांनी तो सोमवार सांभाळावा, आणि ईदच्या दुसऱ्या दिवशी किंवा नाताळच्या आठवड्यात इतरांनी त्यांना मोकळं करावं. ज्या शाळेत दोघांच्याही घरी कानबाई आहे तिथे शेजारच्या शाळेशी बोलण्याशिवाय मार्ग नाही, आणि ते बोलणं केंद्राच्या शिक्षण परिषदेत जुलैपूर्वी झालेलं बरं.

वर्षाच्या शेवटाला हीच गोष्ट सगळ्यांत जास्त टोचते. २०२५ मध्ये राज्यभर वार्षिक परीक्षा २५ एप्रिलपर्यंत चालल्या, तो शुक्रवार होता. निकाल १ मेला. मधल्या पाच दिवसांत एक रविवार, आणि बुधवारी ३० एप्रिलला आखाजी. खान्देशात आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराई असते, झाडांना झोके बांधलेले असतात. शाळेतल्या शिक्षिकांपैकी कितीतरी जणी स्वतः कुणाच्या तरी माहेरवाशिणी. पेपर तपासणं, संकलित-आकारिक गुण जुळवणं, वर्णनात्मक नोंदी, प्रगतिपत्रकं, हे सगळं शनिवारची अर्धी सकाळ आणि दोन दिवस एवढ्यात बसवावं लागलं, आणि ज्वारीच्या पिठासारखं बाहेर ऊन पडलेलं. वर्णनात्मक नोंदी एकसारख्या लिहिल्या जातात, अशी तक्रार नेहमी होते. चाळीस मुलांना प्रत्येकी दहा मिनिटं दिली तर सहा तास चाळीस मिनिटं लागतात. ते कुठून आणायचे, हे ज्यांनी वेळापत्रक आखलं त्यांनी आखाजीची तिथी पाहून ठरवायला हवं होतं. यावर शाळेपुरता उपाय एकच: तोंडी काम, प्रात्यक्षिक आणि आकारिक नोंदी मार्चअखेर पुऱ्या करायच्या, म्हणजे एप्रिलच्या शेवटी फक्त लेखी पेपर हातात राहतात.

जूनमध्ये शाळा व्यवस्थापन समितीची पहिली बैठक होते. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि गावाचे दिवस त्यांना आपल्यापेक्षा चांगले माहीत असतात. बैठकीत कोरं कॅलेंडर समोर ठेवून विचारावं: जत्रा कधी, उरूस कधी, सप्ताहाचा काला कोणत्या दिवशी, कापूस वेचणीला मुलं कधीपासून जातात, आणि २०२६ मध्ये आपल्या गावात कानबाई २३ ऑगस्टच्याच रविवारी बसणार की कुठल्या भावकीची पुढच्या रविवारी? दोन भावक्यांचे दोन रविवार असतील तर दोन सोमवार पेन्सिलीनं गोल करून ठेवावेत.